भडक्यापासून छत्रीपर्यंत

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जरीपटका ही वस्ती वसवली. माझा फोटो स्टुडिओ इथलाच. आता लग्नाच्या जोडप्यांसोबत मकाव पोपट आणि इग्वाना सरडेही फोटोला येतात. पूर्वीच्या फ्लॅशसमोर हे जमलंच नसतं.

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅशपूड निघाली. तिचा भडका आणि धूर कुठल्याही जनावराला बिथरवायला पुरेसा होता. १९३० च्या सुमारास फ्लॅशबल्ब आला, धूर गेला. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने उजेड निमिषावर आणला.

तरी जनावराची काळजी माणसालाच घ्यावी लागते. मकाव आला की आधी छताचा पंखा बंद, मग दाराला कडी, आरशावर चादर. फ्लॅश पांढऱ्या छत्रीतून, डोळ्यांवर थेट कधीच नाही. इग्वानासाठी एसी बंद. त्याला फांदीवर मालकच बसवतो. शेपटी धरायची नाही, ती तुटून हातात येते. गळ्याची झालर ताणली की काम थांबलं. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

काळजीइतकाच कायदाही पाहावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पाळायलाही बंदी आहे. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनेक विदेशी प्रजातींची नोंदणी सक्तीची झाली. म्हणून मी आधी कागद बघतो, मग कॅमेरा उचलतो. चांगल्या फोटोसाठी जिवाला त्रास द्यावा लागत असेल, तर तो फोटो काढूच नये.