पियानो आणि गिटार : भाव नेमका कुठे असतो?

आजचा प्रश्न वरवर सोपा आहे. पियानो आणि गिटार, यांत अधिक भावपूर्ण वाद्य कोणतं? आता तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची खोड अशी, की तो उत्तराआधी प्रश्नच तपासायला घेतो. स्वरात भाव येतो म्हणजे नक्की काय होतं? हे ठरल्याशिवाय तुलना कसली करणार?

आपला कान मींडेवर वाढलेला. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाणं, हीच आपल्याला भावाची खूण वाटते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा त्या वाद्यातून मींड निघत नाही हा एक मुख्य आक्षेप होता. हीच कसोटी लावली तर पियानो पहिल्याच फेरीत बाद! पण इतकी घाई करू नका.

पियानो जन्मला तोच मुळी एका भावनिक गरजेतून. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी हळू दाबा की जोरात, तार छेडली जायची ती जवळपास सारखीच. फ्लॉरेन्सला मेदिची दरबारी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडी मारायची युक्ती काढली. १७०० सालच्या दरबारी यादीत त्याच्या या वाद्याची नोंद आहे. आता बोटाचा जोर थेट आवाजात उतरू लागला. ‘पियानो ए फोर्ते’, म्हणजे हळू आणि मोठ्याने, हेच त्याचं नाव झालं.

पण इथे एक गंमत आहे बघा. हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. ती मागे आली नाही तर तार कंपच पावणार नाही. म्हणजे स्वर निघाला त्या क्षणी वादकाचा त्याच्याशी संबंध जवळजवळ संपला. तो स्वर किती वेळ टिकवायचा, एवढंच त्याच्या हाती उरतं. स्वराला वळवता येत नाही, हलवता येत नाही. मग भाव कुठून येतो? दोन स्वरांच्या नात्यातून. कोणता स्वर पुढे आणायचा, कोणता मागे ठेवायचा, कुठे क्षणभर थांबायचं, पेडल दाबून कशात काय मिसळू द्यायचं. दहा बोटं, सातहून अधिक सप्तकं. पियानोचा संसार मोठा आहे.

गिटारचं नेमकं उलट. डावा हात तार दाबतो, उजवा छेडतो, मध्ये कसलंही यंत्र नाही. छेडल्यावरही डावं बोट तारेवरच असतं, म्हणून स्वर कंपित करता येतो. उजवा हात घोडीजवळ नेला की आवाज टोकदार, लांब नेला की मऊ. भाव एकाच स्वराच्या पोटात भरता येतो. पण तारा सहा, आवाज लहान. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, पियानोला लोखंडी चौकट आली, आणि गिटार मागे पडली. तिला घरगुती, मद्यशाळेतलं वाद्य ठरवलं गेलं. माझ्या मते हा निवाडा तिच्या भावाचा नव्हता, सभागृहाच्या आकाराचा होता. आणि वाद्याला हलकं ठरवलं की ते वाजवणारी माणसंही हलकी ठरतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता खरी परीक्षा. इसाक आल्बेनिस, जन्म १८६०, स्पेनचा नामवंत पियानोवादक. त्याने पियानोसाठी एक रचना केली, ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशकाने तिला ‘आस्तुरियास’ हे नाव दिलं. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा प्रांत, पण रचनेचा बाज सरळ दक्षिणेचा, आंदालुसियाचा आहे. त्यात एक स्वर सारखा ठोकत राहतो आणि त्याच्या अवतीभवती धून फिरते. हे सगळं गिटारच्या बोटांचं अनुकरण! पुढे ती रचना गिटारवर आली. पियानोवर ती जी मायनरमध्ये होती. गिटारवर ई मायनरमध्ये घेतली, आणि तो ठोकत राहणारा स्वर आपसूक दुसऱ्या मोकळ्या तारेवर येऊन बसला. आंद्रेस सेगोवियाने ती जगभर वाजवली. आज पुष्कळांना ती मूळ गिटारचीच वाटते.

मग पियानो हरला का? दोन्ही ऐका. मधल्या संथ भागात, जिथे एकटा सूर गाण्यासारखा चालतो, तिथे गिटारचं कंपन काळजाला हात घालतं. पण त्याआधी जे स्वरसमूह कोसळतात, त्यांची दहशत पियानोवरच अंगावर येते. गिटारवर त्यांची नुसती कल्पना करावी लागते.

प्रवास उलटाही झाला. देब्युसीने १९०३ मध्ये ग्रानादाच्या संध्याकाळीवर पियानोरचना केली, तिच्यात गिटारची छेड ऐकू येते. १९१८ मध्ये तो गेला. मान्युएल दे फायाने १९२० मध्ये त्याला श्रद्धांजली लिहिली ती गिटारसाठी, आणि शेवटाकडे त्याच पियानोरचनेतला एक तुकडा गुंफला. मग स्वतःच ती श्रद्धांजली पियानोसाठीही लिहून काढली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. गिटार स्वराच्या आत बोलते, पियानो स्वरांच्या मधे बोलतो. आल्बेनिसला गिटार वाजवायची असती तर तो प्रश्नच मिटला असता. पियानोला जे जमत नाही तेच त्याला पियानोकडून हवं होतं, म्हणून ती रचना झाली. एका वाद्याची कसोटी दुसऱ्याला लावून निकाल देऊ नये. आज घरी गेल्यावर ‘आस्तुरियास’ आधी पियानोवर ऐका, मग गिटारवर. क्रम उलटा करू नका, नाहीतर पियानोत तुम्ही गिटारच शोधत बसाल.

थांबतो. आता प्रश्न विचारा.