काकरापार अणुवीज केंद्र : सुरक्षितता

गुजरातमधील तापी जिल्ह्यात, व्याऱ्याजवळील केंद्र. पलसाण्याहून (जि. सुरत) सरळ रेषेत सुमारे 40 किमी. म्हणजे पलसाणा आणीबाणीच्या आराखड्यासाठी धरल्या जाणाऱ्या 16 किमी परिघाबाहेर. मात्र पलसाणा-बारडोलीकडच्या उसाला काकरापारच्याच बंधाऱ्याच्या कालव्यांचे पाणी मिळते. प्रत्येकी 220 मेगावॉटच्या दोन जड पाणी अणुभट्ट्या 1993 व 1995 मध्ये, तर प्रत्येकी 700 मेगावॉटच्या दोन 2023 व 2024 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या.

येथील पहिला मोठा धोका किरणोत्साराचा नव्हता, पावसाचा होता. जून 1994 मध्ये अतिवृष्टीने शेजारचा मोतीचेर तलाव फुगला आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरून तळघरातील यंत्रसामग्री बुडाली. भट्टी तेव्हा बंद होती, हे नशीब. सतरा वर्षांनी जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात समुद्राच्या पाण्याने आणीबाणीची डिझेल जनित्रेच निकामी केली, तेव्हा या घटनेचे महत्त्व नव्याने जाणवले. काकरापारच्या पुराबद्दल वृत्तपत्राला लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये कायम ठेवली.

11 मार्च 2016 रोजी, फुकुशिमाच्या पाचव्या स्मृतिदिनीच, पहिल्या भट्टीत शीतक वाहिनीला तडा जाऊन जड पाणी गळले. भट्टी आपोआप बंद झाली, आणीबाणीची शीतकरण यंत्रणा चालली. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत घटना पहिल्या, म्हणजे खालच्या पातळीची ठरली. दुसऱ्या भट्टीतही 2015 मध्ये अशीच गळती झाली होती. शीतक वाहिनीत इंधन व तप्त जड पाणी झिर्कोनियम-नायोबियमच्या नळीत असते. तिच्याभोवती आणखी एक नळी, आणि मधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड खेळवलेला. गळती झाली की त्या वायूतील ओलावा वाढून इशारा मिळतो. या गळत्यांमागचा गंज नळीला लागला तो नेमका या वायूच्या, बाहेरच्या बाजूने. अखेर दोन्ही भट्ट्यांच्या सर्व, प्रत्येकी 306, शीतक वाहिन्या बदलाव्या लागल्या. दुसरी 2018 मध्ये व पहिली 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली.

नव्या भट्ट्यांच्या आतल्या कवचाला पोलादी अस्तर आहे आणि वीज गेली तरी उरलेली उष्णता काढून नेणारी व्यवस्थाही. यंत्रापेक्षा देखरेखीची बाजू लंगडी वाटत आली : 1983 मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहत आले आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात. केंद्र चालवणारे महामंडळही त्याच विभागाखाली येते. मंडळाच्या स्वायत्ततेच्या अभावावर महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात बोट ठेवले होते.