जोसेफ इझिकेल राजपूरकर

जोसेफ इझिकेल राजपूरकर (इ.स. १८३४ – इ.स. १९०५) हे मुंबईतील बेने इस्राएल समाजातील हिब्रू भाषेचे अभ्यासक, शिक्षक व अनुवादक होते. ज्यू प्रार्थनांचे मराठी अनुवाद ही त्यांची मुख्य ओळख आहे.

पार्श्वभूमी

बेने इस्राएल लोक अनेक पिढ्या पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड या कोकणपट्टीत राहत आले. तेल गाळणे हा त्यांपैकी अनेकांचा व्यवसाय होता. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्यांना 'शनिवार तेली' असे म्हटले जाई. मराठी ही त्यांची मातृभाषा होती. हिब्रूपैकी 'शेमा' हे श्रद्धावचन तेवढे त्यांनी परंपरेने जपले होते. पुढे सिनेगॉगे उभी राहिली. मुंबईतील पहिले १७९६ मध्ये, तर पनवेलचे बेथ एल १८४९ मध्ये. तेथील उपासना हिब्रूत होत असे आणि तिचा अर्थ मराठीतून समजावा, ही गरज निर्माण झाली. पेसाह सणाच्या हग्गादाची मराठी अनुवादासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली होती. परंतु संपूर्ण प्रार्थनासंहितेचे काम शिल्लक होते.

शिक्षण आणि अध्यापन

या समाजाला हिब्रूचे पद्धतशीर शिक्षण प्रथम मिळाले ते मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीत हिब्रू व्याकरण लिहिले होते. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू असला, तरी या समाजातून धर्मांतरे फारच थोडी झाली. राजपूरकरांचे शिक्षणही फ्री जनरल असेंब्लीच्या शाळेत झाले व १८५६ मध्ये ते तेथेच सहायक शिक्षक झाले. मिशनच्या शाळेत मिळालेली विद्या त्यांनी पुढे स्वतःच्या धर्मपरंपरेसाठी वापरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पाच वर्षांनी ते मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक झाले व सुमारे ४० वर्षे त्या पदावर राहिले. १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांची हिब्रूचे परीक्षक म्हणून नियुक्ती केली आणि १८७९ मध्ये ते विद्यापीठाचे फेलो झाले.

ग्रंथकार्य

राजपूरकरांची २० हून अधिक मराठी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत बहुतांश प्रार्थनांचे अनुवाद आहेत. बेने इस्राएलांमध्ये स्वतःचे रब्बी नव्हते. सिनेगॉगमधील उपासना हज्जान चालवीत. त्यामुळे इतरत्र धर्मपंडितांकडे असणारे हे काम येथे एका शाळेच्या मुख्याध्यापकाने केले.