अंबडचा पाहुणा आणि उत्सवाचा यजमान

मंडळी, अंबडच्या एका मित्राने डोक्यात भुंगा सोडून दिलाय आणि तो काही केल्या जात नाही. घरचे माझं ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून आता तुमच्या पुढ्यात.

मित्राचं म्हणणं असं. ज्याँ-बाप्तिस्त टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जायचा, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणजे आपलं अंबड. एवढा जगप्रसिद्ध प्रवासी आपल्या गावावरून गेला, तर दर वर्षी त्याच्या नावाने एक दिवस का करू नये? सकाळी शाळेच्या मुलांची फेरी, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी मत्स्योदरी देवीच्या टेकडीपाशी रोषणाई. फ्रान्सच्या वकिलातीतलं कुणी आलं तर दुधात साखर!

हसण्यावारी नेता येईल, पण त्यामागची खंत खरी आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आम्ही औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगरचा) एक तुकडा. अजूनही बाहेरचा पाहुणा वेरूळ-अजिंठा बघतो आणि परत विमानात बसतो. जालना म्हटलं की लोकांना पोलाद, बियाणं आणि मोसंबी आठवते. आपल्या गावात इतिहास असा काही घडलाच नाही, इतिहास शेजारच्या जिल्ह्यात घडतो, असं इथल्या पोरांना वाटत राहतं. मित्राला ते खुपतं. मलाही खुपतं.

तर आधी हा टॅव्हर्नियर कोण ते बघू. जन्म पॅरिसचा, १६०५ चा. बाप नकाशांचा धंदा करणारा, त्यामुळे पोराला लहानपणापासून भटकंतीचं वेड. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. त्याचा जीव अडकला होता हिऱ्यांत, आणि हिरे होते गोवळकोंड्याच्या मुलखात. इथून नेलेला एक मोठा निळा हिरा त्याने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकला. पुढे पुन्हा पैलू पाडून लहान झालेला तोच हिरा आज 'होप' या नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, असं मानतात. १६७६ साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं आणि युरोपभर गाजलं.

त्या पुस्तकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या वाटेचे मुक्काम ओळीने दिलेत. दौलताबाद, औरंगाबाद, अंबड, पुढे नांदेड. अंबडच्या वाट्याला काय? नाव आणि कोसांचा आकडा. बस. थोडक्यात, अंबडने टॅव्हर्नियरला लक्षात ठेवलं नाही हे खरं, पण टॅव्हर्नियरनेही अंबडला फारसं मनावर घेतलं नव्हतं. फिट्टंफाट!

आता प्रश्न असा, की प्रवाशांचे वार्षिक उत्सव जगात होतात ते कसे आणि कुणामुळे? सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतल्या कोलंबस दिनाचं. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. न्यू जर्सीतल्या आमच्या भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, "मामा, इथे या दिवसाला काय म्हणायचं यावरूनच वाद असतात."

हा दिवस देशभर गाजायला लागला १८९२ पासून, म्हणजे कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षं झाली तेव्हापासून. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, न्यू ऑर्लीन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं होतं. इटलीहून आलेल्या गरीब मजुरांना तेव्हा तिथे कुणी आपलं मानायला तयार नव्हतं. त्यांनी कोलंबस धरला. हा बघा, आमच्या जिनोआचा माणूस, याच्यामुळे तुमचा देश सुरू झाला, मग आम्ही परके कसे? १९३७ पासून तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला, १९७१ पासून सोमवारी आला. म्हणजे नाव कोलंबसाचं, पण त्यात बोलत होते इटालियन मजूर. पण तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं काय? त्यांनीही आवाज उठवला. १९९२ मध्ये बर्कली शहराने त्याच दिवशी मूळ रहिवाशांचा दिवस पाळायला सुरुवात केली. पुढे अनेक शहरांनी तेच केलं, आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीही तसं घोषणापत्र काढलं. एकाच तारखेला एकाचा सण आणि दुसऱ्याचं सुतक.

गंमत पुढे आहे. कोलंबसाच्या ४०० वर्षांनिमित्त १८९३ मध्ये शिकागोला प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच्याच जोडीने भरली सर्वधर्म परिषद, आणि ११ सप्टेंबरला तिथे स्वामी विवेकानंद बोलले. हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचलेल्या माणसाच्या उत्सवात एक खरा हिंदुस्थानी उभा राहिला! आपण दर वर्षी ते भाषण आठवतो, कोलंबसाला मात्र त्यातून अलगद बाजूला काढतो.

आणि त्याच वर्षी इकडे पुण्यात काय चाललं होतं? सार्वजनिक गणेशोत्सव. १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की लक्षात येतं, तो काळच तसा होता. जो तो आपल्या माणसांना एका झेंड्याखाली आणायला वर्षातला एखादा दिवस शोधत होता. उत्सव भूतकाळाच्या नावाने भरतो, पण गरज वर्तमानाची असते.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतजवळ कप्पडच्या किनाऱ्याला लागला. लहानपणी आपण सगळ्यांनी घोकलंय, 'वास्को द गामाने भारताचा शोध लावला'. अहो, भारत काय हरवला होता? त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मलिंदीला, तिथल्या राजाने वाटाड्या दिला म्हणून तो आला. तो वाटाड्या बहुधा गुजराती होता, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याच्यासाठी हा समुद्र म्हणजे रोजचा रस्ता. आणि हाच वास्को १५०२ मध्ये परत आला तेव्हा त्याने मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं.

१९९८ मध्ये ५०० वर्षं झाली. पोर्तुगालमध्ये धूमधडाका. लिस्बनला जागतिक प्रदर्शन, टॅगस नदीवर १७ किलोमीटरचा पूल, त्याला वास्कोचं नाव. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, त्यांचा छोटासा देश जगाच्या नकाशावर मोठा झाला तो त्या सफरीमुळे. पण इकडे केरळात आणि गोव्यात लोक निषेधाला उभे राहिले. गोव्यात तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, ते भोगलेली माणसं अजून हिंडतीफिरती होती. त्यांना सांगायचं, चला, मिरवणूक काढू? कसं शक्य होतं!

आणि तरीही गोव्यात वास्को नावाचं अख्खं शहर आहे. नाव बदला, अशी मागणी अधूनमधून होते, पण रेल्वेच्या तिकिटावर नाव तेच. मग त्या शहराचा वार्षिक उत्सव कोणता? दामोदर देवाचा भजनी सप्ताह! सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे जीवघेणी साथ आली. लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून श्रीफळ आणून गावात ठेवलं आणि अखंड भजन सुरू केलं. तेव्हापासून दर श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास भजन चालतं, मोठी जत्रा भरते, जुनं श्रीफळ समुद्रात सोडून नवं ठेवतात. शहराला नाव दर्यावर्द्याचं, पण लोक जमतात ते संकटात जो उपयोगी पडला त्याच्यासाठी. मला हे फार बोलकं वाटतं.

मग परक्या प्रवाशाची आठवण ठेवूच नये का? तसंही नाही. वास्कोच्या साधारण तीस वर्षं आधी अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. सोबत तोफा नाहीत, सैन्य नाही, विकायला आणलेला एक घोडा. जुन्नरला तिथल्या खानाने तोही काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. पावसाळा जुन्नरला काढून तो पुढे बिदरला गेला, लोकांत राहिला, त्यांचं खाणंपिणं, देवधर्म बघून लिहीत गेला. परतताना घरी पोचण्याआधीच वारला. चौलच्या शेजारी रेवदंड्याला त्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे, आणि त्याच्याविरुद्ध कुणी निदर्शनं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पाहुणा पाहुण्यासारखा आला, तर लोक त्याला जागा देतात.

टॅव्हर्नियर या दोघांपैकी कुणाच्या पंगतीत? माझ्या मते निकितीनच्या जवळ. नफ्यासाठी आला, पण राज्य घ्यायला नाही. म्हणजे अंबडला त्याच्या नावाची पाटी लावायला हरकत काहीच नाही. पण वार्षिक उत्सव? उत्सवाला यजमान लागतो, त्याच्या नावाने ज्याचा ऊर भरून येतो असा कुणी लागतो. टॅव्हर्नियरसाठी अंबडमध्ये तसं कोण आहे? दोन वर्षं फेरी निघेल, तिसऱ्या वर्षी बॅनरवर फक्त पुढाऱ्यांचे फोटो राहतील. आमच्या जालन्याचा धुळवडीचा हत्ती रिसाला शंभराहून जास्त वर्षं चालतो, कारण तो गावाचा आहे. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला म्हातारी माणसं काठी टेकत येतात, कारण निजामाचा अंमल त्यांच्या घरात सोसलेला होता.

पण टॅव्हर्नियरच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, जिचा यजमान आपल्या जिल्ह्यात आजही आहे. तो लिहितो की वाटेत कधी कधी दहा-बारा हजार बैलांचे तांडे लागायचे. तांदूळ, धान्य, डाळी, मीठ वाहणारे. रस्ता अरुंद असला तर तांडा पुढे निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहायचं! बायकामुलांसकट सगळा संसार बैलांच्या पाठीवर. हे कोण? बंजारा. ज्या रस्त्यावर फ्रेंच जवाहिऱ्या पाहुणा होता, त्या रस्त्याचे धनी हे. फौजांना आणि शहरांना धान्य मिळायचं ते यांच्या बैलांवरून. मंठा-परतूरकडे गेलात तर त्यांचे तांडे आजही दिसतील. फक्त आता त्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून ऊसतोडीला जातात, आणि पोरांची शाळा बुडते. प्रवास त्यांचा संपला नाही, त्यातली ऐट मात्र गेली.

१५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते. दिवस आहे, यजमान आहेत, नवीन काही काढायची गरज नाही. मित्राला मी एवढंच सुचवलंय. तांड्यातल्या जाणत्या माणसांना आधी विचार, आणि त्यांची तयारी असेल तर त्या दिवशी तांड्यावरच्या शाळेत टॅव्हर्नियरची ती दोन-चार पानं सोप्या मराठीत वाचून दाखव. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक साहेब तुमच्या पणज्याच्या पणज्याला वाट द्यायला रस्त्याच्या कडेला तीन दिवस थांबला होता, हे पोरांच्या कानावर पडू दे.

मित्र विचार करतोय. रोषणाईचा मोह अजून सुटलेला नाही. असो. तुमच्या गावावरूनही कुणी ना कुणी गेलंच असेल. त्याने काय लिहिलं ते जरूर शोधा, आणि त्याला वाट कुणी दाखवली तेही.