यादीतलं नाव



छत्तीसगड विधानसभेची मागची निवडणूक नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. त्या हिशेबाने पुढची २०२८ च्या अखेरीस. निवडणुकीची तयारी म्हटलं की सभा, पोस्टर, उमेदवार हेच डोळ्यांसमोर येतं. मतदाराची तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधी, एका यादीपासून सुरू होते. आज त्या यादीचा इतिहास पाहू.

फौजेत ‘नॉमिनल रोल’ नावाचा कागद असतो. त्यात नाव नसेल तर जवान समोर उभा असला तरी ना राशनच्या हिशेबात, ना गाडीतल्या जागेच्या. मतदार यादीचंही तसंच आहे.

आपलं रायपूर पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं. विधिमंडळ नागपूरला. म्हणजे अमरावती-अकोल्याचा मराठी मतदार आणि रायपूर-बिलासपूरचा छत्तीसगढी मतदार एकाच सभागृहासाठी मत देत. १९३७ च्या निवडणुकीनंतर डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत). १९३८ मध्ये त्यांच्या जागी आले ते आपल्या रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. पण ही सरकारं निवडली कुणी? १९३५ च्या कायद्याने मत दिलं ते जमीन, कर, घरभाडं किंवा शिक्षण पाहून. निवृत्त सैनिकालाही त्या नात्याने मत होतं. पण ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येत सारे मतदार मिळून जेमतेम सातवा हिस्सा. शेतमजूर, हमाल, मोलकरीण यांचं नाव यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. राज्यघटना पूर्ण होण्याआधीच, १९४८ पासून, संविधान सभेच्या सचिवालयाने एकवीस वर्षांवरील प्रत्येकाची नावं नोंदवण्याचं काम सुरू केलं. फाळणीत घरदार गमावलेल्या निर्वासितांकडे राहण्याचा पुरावा कुठून येणार? ‘मी इथेच कायमचा राहणार’ एवढं त्यांचं निवेदन पुरेसं मानलं गेलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार तयार झाले. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह.

पण या थोर कामात एक मोठी खिंड पडली. यादी करायला गेलेल्या माणसाला कित्येक स्त्रिया स्वतःचं नाव सांगेनात. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. मग नोंद झाली ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. नाव सांगा, मत घ्या, असा त्यांचा दंडक. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण कुणाची तरी बायको म्हणून मिळालेलं मत पुन्हा नवऱ्याच्याच खात्यात जमा झालं असतं, असं मला वाटतं.

आता आजचं चित्र पाहा. २०२३ मध्ये छत्तीसगडच्या यादीत दोन कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. सत्तर वर्षांत केवढी मजल!

आणि एका नावाची किंमत काय? त्याच निवडणुकीत आपल्या शेजारच्या कांकेर मतदारसंघाचा निकाल १६ मतांनी लागला. अंबिकापूरला उपमुख्यमंत्री ९४ मतांनी हरले. सोळा मतं म्हणजे आपल्याकडची तीन-चार घरं.

आपल्या मराठी घरांत नावाचा हा घोळ अजून वेगळ्या रूपात दिसतो. सून नागपूरहून किंवा अमरावतीहून रायपूरला येते. तिचं नाव माहेरच्या यादीत, माहेरच्या आडनावाने. इथे मतदानाच्या दिवशी सगळं घर केंद्रावर जातं आणि ती घरी राहते. तिने फॉर्म ८ भरला की पत्ता आणि नाव दोन्ही दुरुस्त होतात. उलट काहींची नावं दोन्ही शहरांत असतात. ‘राहू दे, काय बिघडतं?’ असं म्हणू नका. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घरात नातू-नात अठराची होत असेल तर फॉर्म ६. पूर्वी १ जानेवारी हीच तारीख धरत. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. माझ्या फौजी बांधवांना खास सांगणं : नोकरीत आपण ‘सेवा मतदार’ असतो, मत टपालाने जातं. पेन्शन सुरू झाली की ती सोय संपते. तेव्हा आपल्या वॉर्डाच्या बीएलओला भेटून साध्या यादीत नाव घाला. निव्वळ मतदार ओळखपत्र खिशात असून भागत नाही. यादीत नाव नसेल तर केंद्रावरून परत यावं लागतं, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

मत कुणाला द्यायचं हे मी सांगणार नाही, तो तुमचा विचार. या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत तपासा, एवढंच माझं काम तुमच्याकडे आहे. सुरुवात घरातल्या बाईच्या नावापासून करा.

जय हिंद.