किल्ली मुकी का होते? दूरनियंत्रित कुलपाचा इतिहास

१/ २०१९ च्या वसंतात अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहराजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड या उपनगरात एक चमत्कारिक प्रकार घडू लागला. किल्लीवरचे बटण दाबावे, तर मोटारीचे दार उघडेना. गॅरेजचे दार जागचे हलेना. सेल संपला म्हणावे, तर तेही नव्हे. हा बिघाड एका घरापुरता नव्हता. त्या परिसरातील अनेक घरांत एकाच वेळी हेच घडत होते.

२/ जवळच नासाचे ग्लेन संशोधन केंद्र असल्यामुळे तर्कवितर्कांना ऊत आला. मात्र या कोड्याचे उत्तर समजून घ्यायचे, तर आधी त्या इवल्याशा बटणामागचा इतिहास पाहावा लागतो. कुलूप बिघडल्यावर कारागीर एकामागून एक ज्या शंका तपासतो, त्यांतील प्रत्येक शंकेला या इतिहासातील एकेका टप्प्याने जन्म दिला आहे.

३/ पहिला टप्पा मध्यवर्ती कुलपाचा, म्हणजे एका किल्लीने चारही दारे बंद करण्याचा. यासाठी वीज हा एकमेव मार्ग नव्हता. १९७६ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेन्झच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील मध्यवर्ती कुलूप निर्वात दाबावर चाले. दारादारांतून बारीक नळ्या फिरवलेल्या असत. एखाद्या नळीला चीर पडली की हवा शिरे आणि दोष एका जागी असूनही सगळीच दारे कुरकुरू लागत. यंत्रणा ‘मध्यवर्ती’ झाली, तेव्हा तिचे दुखणेही मध्यवर्ती झाले.

४/ पुढचा टप्पा फ्रान्समध्ये गाठला गेला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी रेनो कंपनीच्या ‘फ्युएगो’ या मोटारीत दुरून चालणारे कुलूप आले. त्याचे जनक पॉल लिपशुट्झ. त्यांच्या नावातील अक्षरांवरून या साधनाला ‘प्लिप’ म्हटले गेले आणि फ्रेंच भाषेत मोटारीच्या रिमोटला आजही ‘प्लिप’ म्हणतात. संशोधकाचे नाव सामान्यनाम होऊन बसल्याचे हे एक गमतीदार उदाहरण.

५/ प्लिप अवरक्त किरणांवर चाले, म्हणजे घरातील दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखे. किरण सरळ रेषेत जातात. त्यामुळे नेम धरून बटण दाबावे लागे आणि मध्ये आडोसा आला की काम अडे. ही अडचण रेडिओलहरींनी दूर केली. लहरींना नेम लागत नाही. खिशातूनही काम होते. अमेरिका व जपान येथे प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता रूढ झाली. भारतातील अनेक मोटारींच्या किल्ल्याही ४३३.९२ वरच बोलतात.

६/ या सोयीची किंमत मोजावी लागली. ही वारंवारता कोणा एका मोटारीच्या मालकीची नसते. बिनतारी घंटा, हवामानमापक, गजराची यंत्रे अशी कितीतरी साधने तिच्या आसपास बोलत असतात. किल्लीचा आवाज अत्यंत क्षीण. शेजारी कोणी अखंड ओरडत राहिले, तर मोटारीच्या ग्राहकयंत्राला तो ऐकूच येत नाही. अशा वेळी किल्ली बोलत असते, मोटारही कान देऊन असते. हरवतो तो फक्त संदेश.

७/ दुसरी किंमत सुरक्षिततेची. सुरुवातीच्या किल्ल्या दर वेळी एकच ठरावीक संकेत पाठवीत. हवेत सोडलेला संकेत कोणीही टिपून ठेवू शकतो. तोच पुन्हा पाठवला की दार उघडे! चोरांनी हे लवकरच हेरले. कुलूप फोडण्याची गरजच उरली नाही. त्याची हाक तेवढी चोरली की पुरे.

८/ यावरचा एक महत्त्वाचा उपाय दक्षिण आफ्रिकेतून आला. १९८० च्या दशकात तेथील नॅनोटेक कंपनीत ‘कीलॉक’ ही संकेतपद्धती तयार झाली. ६४ बिटांची गुप्त किल्ली, ३२ बिटांचा मजकूर आणि मिश्रणाच्या ५२८ फेऱ्या असे तिचे स्वरूप होते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली आणि ती जगभरच्या मोटारींत व गॅरेजच्या दारांत पोहोचली.

९/ तिचे मर्म होते ‘फिरता संकेत’. किल्लीत एक गणक असतो. दर दाबाला तो एकाने पुढे सरकतो आणि संकेत बदलतो. मोटारही आपल्याकडे तोच हिशेब ठेवते. जुना संकेत पुन्हा आला, तर ती तो नाकारते. टिपून ठेवलेली हाक अशा रीतीने निरुपयोगी ठरली.

१०/ पण या हिशेबातून नवा बिघाड जन्मला. मोटार दूर असताना खिशात बटण वारंवार दाबले गेले, तर किल्लीचा गणक पुढे जातो आणि मोटारीचा मागे राहतो. कीलॉकमध्ये सामान्यतः पुढील १६ संकेतांपर्यंतचा फरक मोटार चालवून घेते. त्यापुढे गेल्यास लागोपाठ दोन योग्य संकेत ऐकल्यावरच ती नवा हिशेब मान्य करते. पहिल्या दाबाला गप्प राहिलेले कुलूप दुसऱ्या दाबाला उघडते, ते कधी कधी याच कारणाने.

११/ फिरता संकेतही अभेद्य ठरला नाही. २००७ मध्ये संशोधकांनी कीलॉकमधील गणिती उणिवा उघड केल्या. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या चमूने यंत्राच्या वीजवापरातील सूक्ष्म चढउतार मोजून उत्पादकाची मूळ गुप्त किल्लीच हस्तगत करून दाखवली. ती हाती आली की दुरून टिपलेले दोन संदेश किल्लीची प्रतिकृती घडवण्यास पुरत. यातून मिळालेला धडा महत्त्वाचा आहे: लाखो कुलपांचे रहस्य एकाच गुपितात साठवले, की एका चुकीने सगळीच उघडी पडतात.

१२/ आता पुन्हा नॉर्थ ओल्मस्टेडकडे. नगरपरिषदेचे सदस्य ख्रिस ग्लासबर्न यांच्यासह काही जणांनी शोध चालवला. ३१५ मेगाहर्ट्झवर एक अखंड लहर सापडली. वीज कंपनीने संशयित जागांचा पुरवठा तोडून पाहिला. तरी लहर थांबेना. अखेर मे महिन्यात एका घरात तिचा उगम सापडला. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या एका रहिवाशाने तळघरात काम करताना वर कोणी आल्यास कळावे म्हणून एक उपकरण बनवले होते. ते बॅटरीवर चालत असल्याने वीज तोडूनही बंद पडले नव्हते. आपल्यामुळे शेजाऱ्यांची दारे अडली आहेत, याची त्याला कल्पनाही नव्हती. उपकरण बंद झाले आणि किल्ल्यांना वाचा फुटली.

१३/ कारागिराच्या तपासाचा क्रमही यातून स्पष्ट होतो. एकच किल्ली मुकी झाली आणि दुसरी चालते, तर दोष पहिल्या किल्लीच्या सेलमध्ये किंवा तिच्या हिशेबात. दोन्ही किल्ल्या एका जागी मुक्या आणि दुसऱ्या जागी बोलक्या, तर दोष आसपासच्या लहरींत. दोन्ही सर्वत्र मुक्या, तर मोटारीचे ग्राहकयंत्र, फ्यूज किंवा वायरिंग तपासावे. आणि बाकी दारे उघडूनही एकच अडून बसले, तर त्या दाराची मोटर किंवा बिजागरीपाशी सतत वाकून तुटलेली तार पाहावी.

१४/ इतके टप्पे ओलांडूनही बहुतेक रिमोटच्या पोटात धातूची एक साधी किल्ली आजही दडवलेली असते. लहर हरवली, गणक चुकला, सेल संपला, तरी तिच्यावाचून दार उघडत नाही. नव्या तंत्राने जुन्याला निवृत्त केले खरे. पण घराबाहेर काढण्याचे धाडस मात्र अजून केलेले नाही.