बसऱ्याचा फारूक आणि नॉर्वेचे तेल

माझे मोठे चाचा १९७० च्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीहून कुवेतला गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा तिथे शिरल्या आणि एक लाखाहून अधिक भारतीयांबरोबर चाचाही अडकले. बसने बसरा, मग बगदाद, तिथून जॉर्डनमधले अम्मान आणि पुढे विमानाने मुंबई असा प्रवास करून एका बॅगेनिशी ते घरी आले. त्या प्रवासाबद्दल ते फारसे बोलत नसत. एक गोष्ट मात्र आयुष्यभर सांगत राहिले. “बसऱ्याच्या बाहेर रात्री बसच्या खिडकीतून लांबवर आगीचे लोळ दिसत होते. तेलाबरोबर निघणारा गॅस जाळत होते ते. आणि आमच्या बाजूच्या वस्तीत मिट्ट काळोख. अल्लाहने द्यायला काय कमी केलंय या जमिनीला? मग हे असं का?”

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे मिळतात. पहिले आपल्याच बैठकांमध्ये ऐकू येते, ते म्हणजे पाश्चात्त्यांनी लुटले. दुसरे बाहेरून आपल्यावर फेकले जाते : मुसलमानांना राज्यकारभार जमत नाही. पहिल्यात बरेच तथ्य आहे, पण ते अर्धवट आहे. दुसरे तर एका माणसाच्या चरित्रापुढेच टिकत नाही. त्या माणसाचे नाव फारूक अल-कासिम.

फारूक यांचा जन्म १९३४ सालचा, बसऱ्याचा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी तेलाचे भूगर्भशास्त्र शिकले आणि परत येऊन इराक पेट्रोलियम कंपनीत नोकरी धरली. पत्नी नॉर्वेची होती. धाकट्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती आणि त्याच्यावर उपचार नॉर्वेत होऊ शकत होते. म्हणून १९६८ च्या मे महिन्यात चांगली नोकरी सोडून हे कुटुंब ऑस्लोला उतरले. सासरच्या गावाची गाडी संध्याकाळी होती. मधला वेळ घालवायचा म्हणून फारूक उद्योग मंत्रालयात गेले. नॉर्वेत कोणत्या तेल कंपन्या काम करतात त्यांची यादी मिळाली तर नोकरीसाठी अर्ज करता येतील, एवढाच त्यांचा हेतू होता. दुपारी या, असे सांगण्यात आले. दुपारी गेले तर अधिकारी त्यांची वाटच पाहत होते. मंत्रालयात तेलाचे काम पाहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि उत्तर समुद्रातल्या विहिरींची माहिती साचत चालली होती. ती तपासण्याचे काही महिन्यांचे काम फारूक यांना मिळाले.

तोवर लागलेल्या बहुतेक विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. फारूक यांनी कागद पाहून सांगितले की इथे तेल आहे, धीर धरा. १९६९ च्या डिसेंबरमध्ये एकोफिस्कचे प्रचंड तेलक्षेत्र सापडले.

यानंतर नॉर्वेने जे केले, तो या लेखाचा खरा विषय आहे. तेल सापडले की कोणताही देश उतावळा होतो. नॉर्वेने आधी नियम केले. १९७१ साली तिथल्या संसदेपुढे तेलधोरणाची दहा तत्त्वे मांडली गेली. सार यह नव्हते की तेल कोणाला विकावे. सार हे होते की तेल देशाचे आहे आणि त्यावर ताबा देशाचाच राहील. पुढच्या व्यवस्थेचा आराखडा तयार करणाऱ्यांमध्ये बसऱ्याचे फारूक होते. त्या आराखड्यात कामाचे तीन वाटे केले होते. धोरण मंत्रालयाने आणि संसदेने ठरवायचे. तेल काढण्याचा धंदा स्टॅटऑइल या सरकारी कंपनीने करायचा. आणि कंपन्या, सरकारी कंपनीसुद्धा, नियम पाळतात की नाही हे पाहण्यासाठी स्टावांगर शहरात पेट्रोलियम संचालनालय स्थापन करायचे. १४ जून १९७२ रोजी नॉर्वेच्या संसदेने याला एकमताने मंजुरी दिली.

आता दुसरी तारीख पाहा. १ जून १९७२ रोजी बगदादच्या सरकारने इराक पेट्रोलियम कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. दोन घटनांत अवघ्या तेरा दिवसांचे अंतर. दोन्ही देश म्हणत होते की तेल आमच्या जनतेचे आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले, त्याचा लाभही दोघांना झाला. शिवाय इराकचे तेल काढायला सोपे आणि स्वस्त, तर नॉर्वेचे खवळलेल्या समुद्राच्या तळाखाली. नैसर्गिक दानाचाच हिशेब करायचा तर पारडे इराकचे जड होते.

इराकने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजेशाहीच्या काळात, १९५० साली, तिथे विकास मंडळ स्थापन झाले आणि तेलाच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा त्याच्यासाठी राखून ठेवला गेला. बगदादला वारंवार बुडवणारा तैग्रिस नदीचा पूर सामऱ्याच्या बंधाऱ्यातून थरथारच्या खोलगट भागात वळवला गेला, तो याच पैशांतून. बाथ पक्षाच्या राजवटीत १९७० च्या दशकात शाळा, रुग्णालये, रस्ते, वीज झपाट्याने वाढली. १९७८ ला सुरू झालेल्या साक्षरता मोहिमेची दखल युनेस्कोने घेतली. पैसा खर्च होत होता आणि तो सगळाच वाया जात नव्हता.

उणीव दुसरीकडे होती. पैसा कोठे जातो हे विचारणारा कोणी उरला नव्हता. संसद नावाला, वृत्तपत्रे पक्षाची, न्यायालये सत्तेच्या मुठीत. १९७९ साली सर्व सूत्रे सद्दाम हुसेनच्या हाती आली. १९८० साली इराकला तेलातून सुमारे २६ अब्ज डॉलर मिळाले आणि त्याच वर्षी त्याने इराणशी युद्ध सुरू केले. इतक्या मोठ्या निर्णयाला अडवू शकेल असे एकही दार वाटेत नव्हते. आठ वर्षांनी युद्ध थांबले तेव्हा लाखो माणसे मेली होती, गंगाजळी संपली होती आणि डोक्यावर अब्जावधी डॉलरचे कर्ज होते. त्या कर्जातला काही भाग कुवेतचा. दोन वर्षांनी सद्दामने कुवेतच गिळला आणि माझे चाचा त्या बसमध्ये बसले.

यात कळीचा मुद्दा कराचा आहे. जे सरकार लोकांच्या करावर चालते, त्याला लोकांना हिशेब द्यावा लागतो. जमिनीतून थेट खजिन्यात पैसा येऊ लागला की सरकारला लोकांची गरज उरत नाही. मग लोकांना सरकारची मर्जी सांभाळावी लागते. नोकरी, घर, शिष्यवृत्ती हे हक्क न राहता बक्षीस होतात. तेल येण्याआधी हिशेब मागण्याची सवय आणि ती टिकवणाऱ्या संस्था असतील, तर तेल पचते. त्या नसतील तर सत्तेत बसलेला माणूस तेलाच्या पैशावर आधी फौज आणि गुप्त पोलीस उभे करतो.

नॉर्वेचे लोक फरिश्ते होते म्हणून हे जमले, असेही नाही. १९७० च्या दशकात पुढे येणाऱ्या तेलाच्या भरवशावर त्यांनीही विदेशी कर्ज काढून सढळ खर्च केला. महागाई वाढली, जुने उद्योग स्पर्धेत मागे पडले, १९७८ साली वेतन आणि किमती गोठवाव्या लागल्या. फरक हा की चूक झाकली गेली नाही. तिच्यावर संसदेत भांडण झाले. १९८० च्या दशकात स्टॅटऑइल सरकारलाच डोईजड होईल असे वाटू लागले, तेव्हा तिच्या वाट्यातला मोठा हिस्सा काढून थेट राज्याच्या नावावर करण्यात आला. आपल्याच लाडक्या सरकारी कंपनीचे पंख कापणे सोपे नसते.

फारूक अल-कासिम १९७३ पासून १९९० पर्यंत संचालनालयात संसाधन व्यवस्थापनाचे प्रमुख होते. कंपन्यांना झटपट निघेल तेवढे तेल काढून पुढे जायचे होते. एकोफिस्कमधले एक पंचमांशाहूनही कमी तेल हाती येईल, असा सुरुवातीचा अंदाज होता. संचालनालयाने पाठपुरावा केला, खडकात पाणी सोडून दाब वाढवण्याची खर्चिक पद्धत अमलात आली आणि हाती येणाऱ्या तेलाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले. पुढे १९९० साली तेलनिधीचा कायदा झाला आणि १९९६ साली पहिली रक्कम जमा झाली. हा पैसा देशाबाहेरच गुंतवायचा आणि अर्थसंकल्पात त्यातून दरवर्षी ठरावीक टक्केच घ्यायचे, असा दंडक आहे. २००१ साली तो ४ टक्के ठरला, २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणला. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे आणि कोणत्या कंपनीत किती पैसा आहे हे कोणालाही पाहता येते.

हे वाचताना मला इराकच्याच मातीतली एक जुनी गोष्ट आठवते. कादिसियाच्या लढाईनंतर इराकची सुपीक जमीन, जिला अरब ‘सवाद’ म्हणत, मुसलमानांच्या हाती आली. सैनिकांची मागणी होती की ही जमीन आम्हाला वाटून द्या. हजरत उमर (रजि.) यांनी नकार दिला. मातब्बर सहाबींनी विरोध केला, अनेक दिवस चर्चा चालली. उमर यांचे म्हणणे असे होते की आज सगळे वाटून टाकले तर मागाहून येणाऱ्या पिढ्यांसाठी काय उरेल? अखेर जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली, तिची मोजणी करण्यासाठी उस्मान बिन हुनैफ यांना पाठवण्यात आले आणि येणारा खराज सर्वांचा ठरला. खलिफा हारून रशीदसाठी काझी अबू युसुफ यांनी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’ या ग्रंथात ही चर्चा नोंदलेली आहे. मोजणी, सल्लामसलत, उघड विरोध आणि पुढच्या पिढीचा वाटा, या चारही गोष्टी त्यात आहेत.

आणि त्याच सवादचे पुढे काय झाले तेही आपल्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. दहाव्या शतकात अब्बासी खलिफा नामधारी उरले आणि बुवैही अमीरांच्या हाती बगदाद आले. सैनिकांचे पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून त्यांना जमिनी तोडून दिल्या. हजरत उमर यांनी जे नाकारले होते, नेमके तेच. इतिहासकार मिस्कवैह सांगतो की सैनिकांनी जमीन पिळून काढली, कालव्यांची निगा राखली नाही, आणि एक जमीन उजाड झाली की दुसरी मागितली. नदी तीच होती, गाळही तोच होता. सद्दामने इराणशी केलेल्या युद्धाला ‘कादिसिया’चे नाव दिले. लढाईचे नाव त्याने उचलले आणि लढाईनंतरचा निर्णय मात्र सोडून दिला.

म्हणून धर्म किंवा वंश यांकडे बोट दाखवणाऱ्यांचे मला पटत नाही. चाचा ज्या कुवेतमध्ये राबले, त्या कुवेतने तर १९५३ सालीच लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ स्थापन केले. नॉर्वेला तेल सापडण्याच्या सोळा वर्षे आधी. १९७६ पासून उत्पन्नातले १० टक्के भावी पिढ्यांच्या निधीत जाऊ लागले. १९९० साली देशच हातून गेला, तेव्हा परागंदा सरकार आणि पुढची पुनर्उभारणी या निधीच्या आधाराने चालली. कुवेतचा कारभार निर्दोष होता असे नाही. १९८२ मधला सूक अल-मनाख शेअर बाजाराचा घोटाळा साऱ्या आखाताने पाहिला. पण राखून ठेवायचा एक नियम केला आणि पाळला, एवढ्याने संकटात देश तरला.

इराकच्या बाजूने जे सांगितले जाते तेही सांगायला हवे. नॉर्वे तेलाआधीच स्थिर लोकशाही होता. त्याच्या तेलावर कोणी सवलतींचे करार लादले नव्हते. इराकच्या सरहद्दी परक्यांनी आखल्या, १९६१ पर्यंत देशाची जवळपास सगळी जमीन एका विदेशी कंपनीच्या सवलतीत होती. नंतर निर्बंधांची तेरा वर्षे आणि २००३ चे आक्रमण. हे सारे खरे आहे. मात्र ज्ञान आणि माणसे इराककडे नव्हती, असे म्हणता येत नाही. बसऱ्याच्या एका मुलाने दुसऱ्या देशाला तेल सांभाळायला शिकवले. तज्ज्ञाला ‘नाही’ म्हणता येईल अशी खुर्ची ऑस्लोत होती. बगदादमध्ये ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होई, हे आपल्याला ठाऊक आहे.

फारूक यांचे बसरा २०१८ च्या उन्हाळ्यात पुन्हा बातम्यांत आले. इराकचे बहुतेक तेल जिथून जहाजांवर चढते, त्या शहरात दूषित पाण्याने एक लाखाहून अधिक लोकांना रुग्णालयात जावे लागले. लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्या पाणी, वीज आणि नोकऱ्यांच्या होत्या. गॅसच्या ज्वाळा तेव्हाही जळतच होत्या.

चाचा आता नाहीत. कुवेतहून आल्यावर त्यांनी गावात एकच भांडण उकरून काढले होते. आमच्या मशिदीची हापूसची काही कलमे आहेत. दर हंगामात जमात त्यांचा लिलाव करते. तेव्हा हिशेब एका बुजुर्गांच्या खिशातल्या वहीत असे. माणूस नेक, त्यामुळे कोणी विचारत नसे, आणि मशिदीचे छप्पर दर पावसाळ्यात गळे. चाचांनी आग्रह धरला की लिलावाचा आकडा जुम्म्याच्या नमाजनंतर वाचून दाखवावा आणि फळ्यावर लिहावा. “माझ्यावर भरोसा नाही का?” असे म्हणत ते बुजुर्ग रुसले. चाचा म्हणाले, “तुमच्यावर आहे, चाचामियाँ. तुमच्या नंतर येईल त्याच्यावर नाही.”

कलमे तीच आहेत. आकडा अजूनही फळ्यावर लिहिला जातो, आणि छप्पर गळायचे थांबून बरीच वर्षे झाली.